उन्हाची मोजणी आणि अक्काची गिरणी

मी ऊन मोजायला जातो असं सांगितलं की आमच्याकडची माणसं आधी हसतात आणि मग माझ्या तब्येतीची चौकशी करतात. धारूरच्या घाटाजवळ एका म्हाताऱ्यानं मला तिवईवर यंत्र ठेवताना पाहिलं आणि विचारलं, "ऊन मोजायला मानूस ठिवलाय? कावून? कुणी चोरून न्यायलंय का?" मी म्हटलं, तसं नाही बाबा, कुठल्या जिल्ह्यात किती ऊन पडतं आणि त्यावर वीज करायला किती खर्च येतो ते बघायचंय. तो म्हणाला, "मंग लिव्ह, लई हाय. आन् जा सावलीला." दिवसभर राबून माझ्या यंत्रानंही साधारण तेवढंच सांगितलं.

मी वडवणीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. शिकवतो म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतो. वर्गात मला सर म्हणतात, आणि सुट्टी लागली की मी कोण हे कॉलेजलाही आठवत नाही. म्हणून एका संस्थेनं सहा जिल्ह्यांच्या पाहणीसाठी माणसं घेतली तेव्हा मी अर्ज केला. बीड, लातूर, धाराशिव, जालना, परभणी आणि शेजारचं अहिल्यानगर. प्रत्येक जिल्ह्यातल्या काही वस्त्या बघायच्या आणि त्यांची क्रमवारी लावायची. वरच्या वस्त्यांना संस्था सौरऊर्जेचा छोटा प्रकल्प देणार होती. पिठाची गिरणी, मिरचीकांडप, शिलाई असले वस्तीवरचे धंदे दिवसा चालावेत, हा त्यामागचा विचार. विचार चांगलाच होता. मला आजही त्यात खोट काढता येत नाही, हीच माझी अडचण आहे.

आमच्या यादीत बालाघाटाच्या अंगावरची एक वस्ती होती आणि त्या वस्तीवर माझी अक्का राहते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, आणि माझं कॉलेज तिच्या कोयत्यावर झालं. हे मी कुणाला फारसं सांगत नाही, कारण सांगितलं की माणसं गंभीर चेहरा करतात आणि अक्काला तो चेहरा अजिबात आवडत नाही. ती आणि दाजी दसरा झाला की ऊसतोडीला जातात ते गुढीपाडव्याच्या आगेमागे येतात. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या दाजींना कुणी टोळीत घेत नाही, त्यामुळं अक्काचं जाणं म्हणजे दोघांचं जाणं आणि अक्काचं राहणं म्हणजे दोघांचं राहणं.

तिला आता राहायचं होतं. तिची कंबर गेली होती. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं म्हणजे काय, ते मी एकदाच पाहिलं आणि दुसऱ्यांदा बघायला गेलो नाही. "बसलं की उठंना झालंय बघ, उठलं की बसंना," असं ती हसत सांगायची. बाई हसत सांगते म्हणून आम्हीही हसायचो. मग एके वर्षी तिनं आणि दाजींनी सिरसाळ्याहून एक जुनी पिठाची गिरणी आणली आणि घराच्या पुढच्या खोलीत बसवली. वस्तीवरच्या बायकांना दळणासाठी डोंगर उतरून जावं लागायचं. दळण आपल्याच दारात आलं तर दोन माणसं त्यावर घरी राहू शकतात, असं तिचं साधं गणित होतं.

गणित बरोबर होतं, फक्त वीज नव्हती. म्हणजे दिवा लागायचा, पंखा कण्हत का होईना फिरायचा. पण गिरणीला तीन फेज लागतात आणि वस्तीची लाईन शेतीपंपांच्या लाईनवर. एक आठवडा तीन फेज दिवसा, एक आठवडा रात्री, आणि दिवसाच्या आठवड्यातही ती कधी येईल आणि कधी जाईल हे सांगणारा कुणी नाही. बाया पाट्या घेऊन यायच्या, उंबऱ्यावर बसायच्या, गप्पा मारायच्या आणि पाट्या घेऊन परत जायच्या. शेवटी त्या यायच्या बंद झाल्या. अक्कानं गिरणीवर जुनं चवाळं टाकलं आणि दसऱ्याला कोयता घेतला.

त्यामुळं सहा जिल्ह्यांच्या यादीत तिची वस्ती दिसली तेव्हा मला काय वाटलं असेल ते सांगायला नको. मी फोनवरच तिला सगळं समजावून सांगितलं. ती तेव्हा दूर कुठंतरी कारखान्याच्या फडात होती. म्हणाली, "दिवसा चालंल?" मी म्हटलं, दिवसाच चालेल, उन्हावरच चालणार आहे. ती म्हणाली, "आपल्याकडं उन्हाला काय तोटा. तू नीट मोज म्हंजे झालं."

मी नीट मोजलं. एवढं नीट मी आयुष्यात काही केलं नसेल.

तीन रकाने होते. पहिला उन्हाचा. त्यात आम्ही कुणाला हार जाणार नव्हतो. धाराशिवचं ऊन आणि आमचं ऊन यात फरक करायचा तर यंत्रालाही अवघडल्यासारखं व्हावं. दुसरा रकाना खर्चाचा, आणि तिथं आम्ही थोडे मागं पडत होतो. परभणीकडं जमीन सपाट आणि काळी, खांब रोवायला सोपी. आमच्या डोंगरावर कातळ फोडावा लागणार. घाट चढून सामान न्यायचं त्याचं भाडं वेगळं. आणि पॅनलवर धूळ बसते, ती धुवायला पाणी लागतं. आमच्याकडं उन्हाळ्यात माणसांना टँकरचं पाणी, पॅनल कशानं धुणार, असा प्रश्न फॉर्ममध्येच छापलेला होता. तरी पहिल्या दोन रकान्यांची बेरीज करून मी खुश होतो. अक्काची वस्ती वरच्या भागात येत होती.

तिसरा रकाना वापराचा. प्रकल्प दिला तर वापरणारं कोण आहे? त्यासाठी घरोघर जायचं, घरातल्या माणसाशी बोलायचं, कुठली उपकरणं आहेत ते लिहायचं. घराला दोनदा कुलूप दिसलं तर लिहायचं, 'बंद'. बंद घराचा वापर शून्य. आणि पाहणी सगळ्या सहा जिल्ह्यांत एकाच वेळी, पौषात, कारण तेव्हा आभाळ स्वच्छ असतं आणि उन्हाची तुलना बरोबर होते.

पौषात आमच्या डोंगरावर कोण असतं हे मला यंत्र न लावताही सांगता आलं असतं. ऊसतोडीला इतर जिल्ह्यांतूनही माणसं जातात, नाही असं नाही. पण आमच्या या पट्ट्यातली जातात तशी फार थोड्या ठिकाणची जात असतील. कोंबड्यासुद्धा बैलगाडीला बांधून नेतात.

मी पोचलो तेव्हा वस्तीवर आबा होते. आबा म्हणजे अक्काचे शेजारी. त्यांनीही जन्मभर ऊस तोडला, आता गुडघे गेले म्हणून मागं राहतात. निघताना प्रत्येक घर आपली किल्ली त्यांच्याकडं देऊन जातं. त्यांच्या ओसरीत एका खिळ्याला सुतळीत ओवलेल्या सगळ्या किल्ल्या टांगलेल्या असतात, आणि कुठली कुणाची हे कळावं म्हणून प्रत्येकीला त्या त्या घरच्या कापडाची चिंधी बांधलेली. कुणाच्या धोतराची, कुणाच्या लुगड्याची. अक्काच्या किल्लीला तिच्या हिरव्या पातळाची चिंधी होती. ते पातळ मी ओळखलं. माझ्या पदवीच्या निकालाला ती ते नेसून आली होती.

मी एकेका दारासमोर उभा राहून लिहीत होतो. बंद. बंद. बंद. आबा काठी टेकत माझ्यामागं येत होते. अक्काच्या दारापाशी आलो तेव्हा त्यांनी सुतळीतून हिरव्या चिंधीची किल्ली काढून माझ्यापुढं धरली.

"घ्या पाव्हणं. उघडा, बघा आत काय काय हाय ते, आन् लिवा."

मी म्हटलं, "नियम तसा नाही आबा. घरात घरचं माणूस पाहिजे."

"तुमी कोन हाव मंग?"

"मी तपासायला आलोय."

"बरं," आबा म्हणाले आणि त्यांनी किल्ली परत सुतळीत ओवली.

आता मला त्या पोराचा, म्हणजे त्या दिवशीच्या माझा, राग येतो. काय अडत होतं उघडायला? पण मला दोन गोष्टींची भीती होती. एक म्हणजे कुणी म्हणेल, बहिणीचं घर म्हणून यानं सवलत दिली. आणि दुसरी, जी मी तेव्हा स्वतःलाही सांगितली नव्हती, ती म्हणजे मला माझ्या नीटपणाचा फार अभिमान होता. कॉलेजात कुणी विचारत नव्हतं, इथं निदान माझा फॉर्म स्वच्छ असायचा, एक खाडाखोड नाही. मी अक्काच्या घरापुढं लिहिलं, 'बंद'. आणि शेवटी शेऱ्याच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलं, 'ऊसतोडीला गेले आहेत, चैत्रात परततात. घरात पिठाची गिरणी आहे.' तसा शेरा मी प्रत्येक बंद घरापुढं लिहिला. हात दुखेपर्यंत लिहिला. कुणीतरी वाचेल असं मी खरोखर धरून चाललो होतो.

फाल्गुनात यादी लागली. अक्काची वस्ती जवळजवळ तळाला होती. लातूरकडच्या आणि जालन्याकडच्या वस्त्या वर होत्या, आणि त्यांचं मला वाईट वाटलं नाही, त्यांनाही वीज हवीच होती. मी संस्थेच्या कचेरीत गेलो. तिथले प्रमुख फार सज्जन गृहस्थ. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, माझं सगळं ऐकून घेतलं.

"तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे," ते म्हणाले. "पण शेरे संगणकात भरले जात नाहीत. फक्त आकडे जातात."

"मग शेऱ्याची ओळ ठेवलीच कशाला?"

"फॉर्म तसा छापून आला होता." त्यांनाही ते वाईट वाटलं, मला चेहऱ्यावर दिसलं. "आणि तुमचे फॉर्म सगळ्यात नीट होते, हे मी मुद्दाम सांगतो. आपण वर्षभरानं पुन्हा पाहणी करणार आहोत."

मी म्हटलं, पुन्हा करा, पण श्रावणात करा, तेव्हा माणसं घरी असतात. ते म्हणाले, श्रावणात ऊन कुठं असतं? मी म्हटलं, निदान चैत्रात करा. ते म्हणाले, तोवर वर्षाचा अहवाल गेलेला असतो, आणि एका जिल्ह्यासाठी वेळ बदलली तर तुलना कशी राहणार? दोन्ही वेळा त्यांचंच म्हणणं बरोबर होतं. भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं असं प्रेमानं हो म्हणत राहावं, यापेक्षा त्यानं हाकलून दिलेलं परवडतं. मी चहा पिऊन बाहेर आलो.

पाडवा झाला आणि अक्का परत आली. उसाच्या पाल्यानं हात चिरलेले, चेहरा करपलेला. घरात शिरून तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर गिरणीवरचं चवाळं काढलं आणि फडक्यानं तिचा पट्टा पुसला. मी दारातच उभा होतो.

"काय झालं रं भाऊ आपल्या उन्हाचं?"

"यादी अजून लागली नाही," मी म्हणालो.

मी खोटं बोललो. आठवडे गेले, मी वडवणीचा बाजार करून तिच्याकडं जायचो, भाजी द्यायचो, आणि तिनं विषय काढायच्या आत निघायचो. शेवटी दाजींना घाटाखाली कुणाकडून तरी कळलं. दाजी कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशीही एवढंच म्हणाले, "सांगायचं तरी बे. आमी काय खानार होतो का तुला?"

अक्का चुलीपुढं बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आपलं घर बंद हाय म्हून कुणी लिवलं?"

"मी."

तव्यावरची भाकर तिनं उलटली. मी वाट बघत होतो की ती ओरडेल, भांडं आपटेल, माझं शिक्षण काढेल. ते सगळं मला चाललं असतं.

"बरं," ती म्हणाली. "जेवून जा. पातळ आमटी केलीय."

मी जेवलो. घास गिळताना लाज वाटत होती तरी जेवलो, कारण न जेवता गेलो असतो तर तिला जास्त लागलं असतं.

त्या पावसाळ्यात मी अर्ज केले. संस्थेला केले, आणखी दोन ठिकाणी केले. बंद घर आणि जाऊन परत येणारं घर हे दोन वेगळे रकाने करा, एवढीच मागणी. उत्तरं आली, सगळी सभ्य. सूचनेची नोंद घेतली आहे. कॉलेजात मुलांना हंगामी स्थलांतर हा धडा शिकवताना माझा आवाज चढायला लागला, आणि निम्मी मुलं स्थलांतरित घरांचीच, ती खाली मान घालून ऐकायची. मग मी तो धडा भरभर संपवला.

दसरा आला. मी निरोप द्यायला गेलो. अंगणात ट्रॅक्टर उभा, त्यात भांडी, सरपण, कुडाच्या झोपडीचे बांबू. अक्कानं कंबरेला फडकं आवळून बांधलं होतं. मी म्हटलं, अक्का, औंदा नको जाऊ, मी बघतो काहीतरी. ती हसली. "तू काय बघनार? तुझं तुला पुरंना." आणि मग, जणू सहज आठवल्यासारखं, विचारलं, "तुझी मोजनी कवा हाय?"

"पौषातच."

तिनं घराला कुलूप लावलं. दरवर्षी किल्ली आबांकडं जायची. या वेळी तिनं ती माझ्या हातावर ठेवली. हिरव्या चिंधीसकट.

"उघडून बस त्या दिवशी. दिवा लाव. गिरनी चालू कर. घरात मानूस हाय म्हून लिव्ह. तू काय परका न्हाईस."

ट्रॅक्टर घाटाला वळेपर्यंत मी ती मूठ उघडली नाही.

पौषात मी गेलो. ऊन तेवढंच लखलखीत, आभाळात एक ढग नाही. आबा ओसरीतच होते, त्यांना आता उठवत नव्हतं. मी अक्काचं कुलूप काढलं, दार उघडलं. आत बंद घराचा वास होता. मी केर काढला, उगाच, पण काढला. खिडकी उघडली, दिवा लावला. गिरणीवरचं चवाळं काढून घडी घातली. मग उंबऱ्यावर बसून फोन काढला, कारण या वर्षी फॉर्म कागदाचा नव्हता, फोनमध्ये होता. शेऱ्याची ओळ काढून टाकलेली होती. तेवढी एक सुधारणा झाली होती.

पहिला प्रश्न, घर उघडं आहे का? मी 'हो' दाबलं. परीक्षेत कॉपी करणाऱ्यासारखं एकदा मागं वळून बघितलं. दुसरा प्रश्न, उपकरणं कोणती? पिठाची गिरणी. तिसऱ्या प्रश्नाला फॉर्म अडला. कुटुंबातल्या व्यक्तीचा अंगठा घ्या आणि चालू यंत्रासोबत तिचा फोटो काढा. मी माझ्या अंगठ्याकडं बघितलं. तो शिधापत्रिकेशी जुळावा लागणार, आणि तिच्यावर अक्का आणि दाजी एवढीच नावं. माझा अंगठा लावून बघितला. लाल अक्षरं आली. पुन्हा लावला, पुन्हा आली.

मी अक्काला फोन केला. भर दुपार होती, फडातला पाचोळा पायाखाली वाजत असलेला ऐकू येत होता.

"उघडलंस?" तिचा श्वास लागला होता.

"उघडलंय. झाडून पण घेतलं."

"गिरनी चालू कर की. मला आवाज ऐकू दे."

मी उठून खटका दाबला. फोन गिरणीजवळ धरला. काही नाही. तीन फेजचा रात्रीचा आठवडा होता. मी खटका वर केला, खाली केला, परत वर केला. बाहेर दारात ऊन असं पडलं होतं की डोळे उघडे ठेवता येत नव्हते.

"न्हाई ना?" ती म्हणाली.

"नाही अक्का. आणि ते अंगठा मागतंय. तुझा."

पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली, गाडी भरायची होती. ती त्या माणसाला "आले" म्हणाली आणि मग मला म्हणाली, "ऱ्हाऊ दे मंग. चवाळं नीट झाक, उंदरं पट्टा खात्यात. आन् कुलूप वढून बघ लागलं का."

फोन ठेवला तिनं. मी चवाळं झाकलं, चारी बाजूंनी खोचलं. खिडकी लावली, दिवा मालवला. बाहेर येऊन कुलूप लावलं आणि ओढून बघितलं. किल्ली आबांच्या सुतळीत ओवून आलो, तिच्या जागी. मग दारासमोर उभा राहून फोन काढला, मघाचा 'हो' पुसला, आणि लिहिलं, बंद.